रांगोळीने आखलेली बालवाडी

संक्रांतीनंतरचा आठवडा मी डोंबिवलीत काढला असं सांगितलं, की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न येतो, ‘लग्न होतं का?’ नाही म्हटलं की दुसरा, ‘मग दवाखाना?’ डोंबिवलीला कुणी नुसतं हिंडायला जातं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी गेले. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत हिंडले, खाल्लं-प्यायलं, माणसं पाहिली, आणि जाताना डोक्यात जे काही नीट लावलेलं होतं ते सगळं विस्कटून परत आले. आता घरी बसून लिहिते आहे, तरी ते पुन्हा जागेवर बसलं आहे असं म्हणवत नाही.

मी आर्किटेक्ट आहे. बंगले केले, एक मंगल कार्यालय केलं, आणि मिरजेच्या वाटेवर उसाच्या शेताला लागून एक बालवाडी केली. तिला मोठं अंगण, कडुनिंबाचं झाड, वाळूचा हौद. तिचा फोटो एकदा पेपरच्या पुरवणीत आला आणि तो माझी मावसबहीण नीलू हिने आपल्या फ्रीजवर चिकटवला. तिथून सगळं सुरू झालं.

नीलू डोंबिवली पश्चिमेला राहते. तिच्या सोसायटीची इमारत पाडून नवी होणार आहे. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर शैलाताई नावाच्या बाई कित्येक वर्षं बालवाडी चालवतात. नव्या इमारतीच्या तळाशी बिल्डरने खांबांच्या दोन रांगांमध्ये एक लांबुळकी पट्टी मोकळी सोडली होती आणि नकाशावर तिथे लिहून ठेवलं होतं, ‘बालवाडी किंवा पार्किंग’. यातलं काय ते रविवारच्या सभेत ठरणार. सभेने बालवाडी म्हटलं, तर बिल्डर रहिवाशांसारखी शैलाताईंनाही मधल्या काळासाठी जागा बघून देणार होता. पार्किंग म्हटलं, तर बालवाडी संपली.

नीलू फोनवर म्हणाली, ‘अगं, लोकांना काहीतरी दिसायला हवं. तू ये आणि काढून दे. तुझं तर हे नेहमीचंच आहे.’

नेहमीचं होतं म्हणूनच मी फसले.

डोंबिवली

नीलूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचं स्वयंपाकघर दिसतं. दिसतं म्हणजे त्यांची कढी उतू चालली तर आपण सांगायचं इतकं. मी पोचले तेव्हा नीलू त्या खिडकीतल्या बाईंना माझी ओळख करून देत होती आणि त्या बाई कणीक मळता मळता मला सांगत होत्या, की बालवाडीत एसी हवाच. मी अजून चप्पल काढली नव्हती.

नंतर हे आठवडाभर चाललं. जिन्यात भेटलेल्या एका आईला प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा हवा होता. तिच्याच सासूबाईंना कॅमेरा नको होता, नळ जास्त हवे होते. वाणी म्हणाला, भिंतीवर फळं काढा, मुलांना फळं आवडतात. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, की बाहेरून शाळा वाटणार का, कारण शाळा वाटली तर मुलं रडतात आणि नाही वाटली तर आई-बाप पाठवत नाहीत. मला प्रत्येकाचं पटत होतं. हा माझा स्वभाव नाही. सांगलीत मी गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत गप्प करते.

शैलाताई म्हणजे बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांची बालवाडी दोन खोल्यांची. मुलं एका खोलीत गाणी म्हणतात आणि दुसरीत डबा खातात. मी गेले तेव्हा हात धरून गोल करायचा खेळ चालला होता. खोली अशी चिंचोळी, की गोल कसला, चेपलेली वांगी असतात तसा आकार झाला होता आणि टोकाची दोन मुलं भिंतीला घासत फिरत होती. शैलाताई मला म्हणाल्या, की एवढ्या वर्षांत आमचा गोल कधी गोल झाला नाही. मला काही नको, एक मोठा हॉल द्या. मी लगेच कबूल केलं. एका हॉलचं काय एवढं, असं तेव्हा मला वाटलं.

मग मुलं सुटली. दारात आया आणि आजोबा उभे होते आणि प्रत्येक जण मूल ताब्यात घेताना तेच विचारत होता, पुढल्या वर्षी कुठे? शैलाताई प्रत्येकाला ‘बघू’ म्हणत होत्या. नीलूने जिना चढताना सांगितलं, की काहींनी जूनपासून नावं काढायचं ठरवलेलंही आहे.

पार्किंगच्या बाजूचे मुख्य म्हणजे राणेकाका. त्यांना भेटायला मी जरा बाह्या सरसावूनच गेले होते. त्यांनी तिळगूळ दिला, पंखा लावला आणि खिडकीत नेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी असलेली मुलाची गाडी दाखवली. तिचा आरसा पुन्हा कुणीतरी मोडला होता. मुलगा रोज ऑफिसातून आला की जागा शोधत गल्ल्या फिरतो आणि जेवायला बसतो तो चिडलेला. ‘मला मुलांचं वावडं नाही हो,’ असं ते म्हणाले. माझी बहीण त्यांना घरात राक्षस म्हणते. मला ते माझ्या काकांसारखे वाटले. भांडायचं कुणाशी, हेही कळेनासं झालं.

ठाणे

अंगण नसलेली बालवाडी मी कधी केली नव्हती. तेव्हा इकडे लोक काय करतात ते आधी बघू, असं ठरवून मी ठाण्याला गेले. उंच इमारतींच्या एका वसाहतीत पहिल्या मजल्यावर मुलांची शाळा होती. तिथल्या मॅनेजरबाई तरुण आणि भलत्याच उत्साही. सगळ्या भिंती काचेच्या, आई-बाप बाहेरून बघू शकतात आणि घरी बसून फोनवरही बघू शकतात. एक मुलगा आतून काच चाटत होता. त्याची आई बाहेरून त्याला बोटाने नको नको करत होती आणि त्याला तो खेळ वाटत होता.

मधोमध प्लास्टिकचं झाड. खोड प्लास्टिकचं, पानं प्लास्टिकची, खाली प्लास्टिकची हिरवळ. मी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, निसर्ग. मला हसू दाबता येईना. माझ्या कडुनिंबाखाली पोरं मुंगळे धरतात आणि या बाई प्लास्टिकला निसर्ग म्हणतात, असं काहीतरी मनात जुळवत होते. एवढ्यात त्या झाडाखाली बसलेल्या मुलीने शेजारणीच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. हातात काही नव्हतं. ती बोरं होती. शेजारणीने एक खाल्लं, बी थुंकली, आणि बी पायावर पडली म्हणून दोघी भांडल्या.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. बाहेर येऊन मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या मिसळीत रस्सा तिखट असतो, पण आधी सांगून येतो. ठाण्याची आधी गोड बोलते आणि मग घाम काढते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी विचार करत होते, की त्या पोरींना खरं झाड दिलं असतं तर त्या बोरांवरून इतक्या मनापासून भांडल्या असत्या का.

कोपर

कोपरला मला नीलूने हौसाबाईंकडे पाठवलं. त्या तिथल्या जुन्या आगरी घरातल्या. घराच्या जागी आता तीन मजले झालेत, वर भाडेकरू आणि खाली हौसाबाईंची बालवाडी. त्यांनी मला आधी नाव न विचारता जेवायला बसवलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि कांद्यात परतलेला जवळा. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, तोडली की आवाज येतो. ही रुमालासारखी घडी होत होती. मी तीन खाल्ल्या आणि त्यांना मी फार आवडले.

बालवाडीच्या खिडक्या इतक्या उंच होत्या, की मलाही टाचा उंचावाव्या लागल्या. ठाण्याची काच डोक्यात ताजी होती. मी म्हटलं, मुलांना बाहेरचं काहीच दिसत नाही. हौसाबाईंना माझीच कीव आली.

‘अगो बाय, पोरांना रस्ता दिसला का आय आठवते. मंग एक रडला का सगली रडतान. दिसूच द्यायाचा नाय.’

आत तीस-एक पोरं जमिनीवर बसून, उंचावरून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात, खडू घासत होती. एकही रडत नव्हतं. आता सांगा. मी वीस वर्षं सगळीकडे सांगत आले, की मुलांच्या खिडकीची कड मुलांच्या हनुवटीखाली हवी. ते वाक्य पुरवणीतही छापून आलं होतं.

टिटवाळा

टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या मागे, मुद्दाम बालवाडी म्हणून बांधलेली एक वास्तू आहे असं कळलं. पाहिली तर पूर्ण गोल. शैलाताईंचा गोल इथे आपोआप झाला असता. कुणा तरुण आर्किटेक्टने जीव ओतून केलेलं काम होतं, मला त्याचा हेवा वाटला. आत शिरले आणि कान झाकून घेतले. गोल भिंतीत आवाज असा घुमत होता, की एका मुलाने शिंक दिली ती सगळीकडून आली. तिथल्या बाईंनी भिंतीला जुन्या साड्या आणि गोधड्या टांगून आवाज थोपवला होता. त्याने खोली शाळेपेक्षा धोब्याचं घर वाटत होती. मुलं मात्र गोधड्यांच्या मागे लपत होती आणि बाई त्यांना शोधून काढत होत्या. बाईंना विचारलं, की त्रास होतो का. त्या म्हणाल्या फार होतो. मग चौकोनी बांधून हवी का? तर म्हणाल्या, छे, मग लपणार कुठे.

मुलांच्या उंचीवरून खोली कशी दिसते ते मी नेहमी गुडघ्यांवर बसून बघते. तिथेही बसले. बघून झालं आणि उठताच येईना. गुडघ्यात काहीतरी अडकलं. मी लाजेने हसत होते, मुलांना वाटलं हाही खेळ आहे. शेवटी बाईंनी एका हाताला धरलं, दुसऱ्या हाताला मुलांची माळ लागली आणि त्यांनी मला गाण्याच्या ठेक्यावर ओढून उभं केलं. बाहेर येऊन मी एका पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मला खरंच काही कळत नव्हतं. जे बघायला जावं ते चुकीचं बांधलेलं, आणि आत मुलं मजेत.

परतताना आंबिवलीला एक बालवाडी बघायची होती. तिला कुलूप होतं. ते कुलूप बघून मला जितकं बरं वाटलं तितकं त्या आठवड्यात दुसऱ्या कशानेही वाटलं नाही.

गच्चीवर

शुक्रवारपर्यंत मी बरेच नकाशे काढले आणि फाडले. जो उरला त्यात दार, चपला काढायची जागा, एक लांब पॅसेज, छोटी सामानाची खोली, मुलांचे संडास, आणि शैलाताईंसाठी जमेल तेवढा मोठा हॉल होता. पण कागद कुणाला कळेना. राणेकाका कागद उलटा धरून ‘छान, छान’ म्हणाले. तेव्हा मी ठरवलं, की नकाशा खऱ्या मापात जमिनीवर काढायचा, आत मुलं सोडायची आणि बघायचं. सांगलीत मी शेतात चुना टाकून असं करते.

इथे शेत नाही, पण गच्ची आहे. तिच्यावर गळती थांबवायला पत्र्याचं छप्पर घातलेलं, त्यामुळे सावली, आणि बिल्डरच्या नकाशातल्या पट्टीइतकी लांबी निघत होती. शनिवारी सकाळी मी दोरी लावून मापं घेतली. खडू मात्र तिथल्या खरबरीत जमिनीवर उठेना. ते बघून दुसऱ्या मजल्यावरच्या मंगलवहिनी म्हणाल्या, की रांगोळीने काढून देतो. त्यांचा बायकांचा गट, हळदीकुंकवाचे दिवस, घराघरात रांगोळीच्या पिशव्या उघडलेल्या. मी त्यांना दोरी समजावली, भिंत कुठे, दार कुठे ते दाखवलं. मग नीलूने जेवायला ओढून नेलं. मसालेभात होता. ती म्हणाली जरा पड, आणि मी आठवडाभराची झोप लागल्यासारखी झोपले.

उठून वर गेले तर सगळं झालं होतं. रेघा माझ्या दोरीपेक्षा सरळ. प्रत्येक भिंतीला दुहेरी रेघ आणि मधे ठिपक्यांची वेल. दाराला गोपद्मं. सामानाच्या खोलीच्या कडेला एक नाजूक कलश. संडासात, औचित्य सांभाळून, काहीच काढलं नव्हतं. आणि हॉलमध्ये, माझ्या त्या मोठ्या, मोकळ्या हॉलमध्ये, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रंग भरलेलं भलंमोठं कमळ. कोपऱ्यांत मोर.

मी डोक्याला हात लावला. मंगलवहिनी हात झटकत कौतुकाची वाट बघत होत्या.

‘वहिनी, हे काय केलंत?’

‘अहो, एवढं मोकळं कसं ठेवायचं? बरं दिसलं नसतं.’

मी जरा मोठ्याने बोलले. तो हॉल होता, तिथे मुलं खेळायची होती, ती आता कमळावर नाचणार का, असं काहीबाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या लक्षात आलं आणि माझ्याही लक्षात आलं, की हे आता कुणी पुसणार नाही. त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती आणि स्वतः पाय फिरवायला माझाही पाय उचलेना. तेवढ्यात जिन्यात मुलांचा गलका आला.

मुलं वर आली आणि न सांगता रांगोळीच्या दाराशी चपला काढायला लागली. भिंत कुठेही ओलांडता आली असती, ती तर चिमूटभर पांढरी रेघ होती. एकानेही ओलांडली नाही. दारातून रांगेने आत आली, पॅसेजमध्ये शिरली, आणि समोर कमळ बघून थांबली. एका लहानग्याने पाऊल पुढे टाकलं, तर चारी बाजूंनी आया ओरडल्या आणि त्याला मागे खेचलं. पाच वर्षांच्या ओवी नावाच्या मुलीने त्याला सगळं समजावून सांगितलं, की ते देवाचं आहे. मग सगळी जण पॅसेजमध्येच राहिली.

मी मनात नकाशाची आशा सोडून दिली होती. पण बघता बघता त्या चिंचोळ्या जागेत काहीतरी सुरू झालं. मुलं दोन्हीकडे भिंतीला पाठ लावून, म्हणजे जिथे भिंत असेल असं ठरलं होतं तिथे पाठ लावून, समोरासमोर बसली. तळव्याला तळवे लागत होते. एकाने चेंडू सोडला, तो सगळ्यांच्या पायांवरून या टोकाकडून त्या टोकाला गेला आणि परत आला. ओवीने सामानाच्या खोलीत घर मांडलं आणि पाहुण्यांना एकेक करून आत बोलवायला लागली. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर ही मुलं असंच खेळतात, दारांसमोरच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये, हे नीलूने मला तेव्हा सांगितलं. मी आठवडाभर रोज त्या पॅसेजमधून, त्या मुलांच्या अंगावरून पाय टाकत गेले होते.

शैलाताई बराच वेळ बाहेर उभ्या होत्या. मग त्या आत आल्या आणि पॅसेजच्या एका टोकाला बसल्या. म्हणाल्या, इथून मला सगळी दिसतात. त्यांचा आवाज आश्चर्याचा होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण हे मुलांनी निवडलं होतं, की मंगलवहिनींच्या कमळाने त्यांना तिथे कोंबलं होतं? आणि मागे हात बांधून उभे असलेले राणेकाका माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे हॉलची गरज नाही.’

रविवारची सभा

सभा नेहमी गच्चीवरच होते. लोक खुर्च्या घेऊन वर आले आणि रांगोळी बघून तिच्या बाहेरून, कडेकडेने बसले. मी माझा नकाशा भिंतीला लावला होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, सगळे जमिनीकडे बघत होते. सेक्रेटरींनी मागच्या सभेचं वाचून दाखवलं तेही लोकांनी कमळ बघत ऐकलं.

मग राणेकाका उभे राहिले. त्यांनी वाईट काही म्हटलं नाही. काल आपण सगळ्यांनी पाहिलं, सगळी मुलं पॅसेजमध्ये मावली आणि खूश होती. मग तेवढी जागा त्यांना देऊ, उरलेल्या हॉलमध्ये गाड्या लावू. कुणाचंच नुकसान नाही. मी उठून काहीतरी बोलले, की मुलांना हवा लागते, पावसाळ्यात काय करायचं, पण मलाच माझं पटत नव्हतं, कारण ते जे म्हणत होते ते माझ्याच प्रयोगातून निघालं होतं. लोक माना डोलवत होते, त्यांच्या बोलण्यावर.

मंगलवहिनी एकदम म्हणाल्या, ‘हॉलमध्ये मुलं गेली नाहीत ती आमच्या रांगोळीमुळे. त्यात त्यांचा काय दोष?’

राणेकाका म्हणाले, रांगोळी काय, ती जमीनच आहे. गाडीएवढी जागा किती, ते मी चालून दाखवतो. असं म्हणून ते निघाले. तावातावाने रेघेपाशी आले आणि थांबले. मग त्यांनी चपला काढल्या. रेघ ओलांडली नाही, वळसा घालून दाराशी गेले, दारातून आत आले, पॅसेज चालले आणि कमळाच्या कडेला येऊन पुन्हा थांबले. पुढे जाईनात. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तेही हसले, पण कान लाल झाले होते.

‘आधी पुसून तरी घ्या,’ ते म्हणाले.

कुणी उठलं नाही. मग त्यांनी तिथूनच शैलाताईंना विचारलं, की तुम्हीच सांगा, तुम्हाला हॉल हवा की पॅसेज.

शैलाताई शेवटच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या सभासद नाहीत, म्हणून त्यांना मागे बसवलं होतं. त्या उभ्या राहिल्या.

‘काका, हॉल की पॅसेज ते मॅडम बघतील. मला रोज दारात आई-बाप विचारतात, पुढल्या वर्षी कुठे? मी बघू म्हणते. बघू म्हणणाऱ्या बाईकडे आपलं मूल कोण ठेवील? तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल मला. पण आज म्हणा.’

एवढं बोलून त्या बसल्या. राणेकाका कमळाच्या कडेला अनवाणी उभे होते. परत फिरायचं तर पॅसेजमधून, दारातून, सगळ्यांसमोर फिरावं लागणार होतं, म्हणून बहुतेक ते तिथेच राहिले.

सेक्रेटरींनी बालवाडीच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. मोजायची वेळ आली नाही इतके गेले. विरुद्ध कोण म्हटल्यावर सगळ्यांनी राणेकाकांकडे बघितलं. त्यांनी पहिल्या वेळी हात वर केला नव्हता. दुसऱ्या वेळीही केला नाही.

नीलू मला मिठी मारून रडली. मी तिच्या खांद्यावरून त्या रांगोळीकडे बघत होते आणि मला वाटत होतं, की आपण जिंकलो ते माझ्या नकाशामुळे नाही, मुलांमुळेही नाही, तर एका कमळामुळे, जे काढायलाच नको होतं. आणि सभा संपल्यावर मंगलवहिनींनी तेच कमळ झाडूने चार फटक्यांत सुपलीत भरलं. मी थांबा थांबा म्हणाले तर त्यांना नवल वाटलं. रांगोळी ठेवतात किती दिवस, त्यांनी विचारलं.

संध्याकाळी मी शेवटचा नकाशा काढला. पॅसेज इतका रुंद केला आणि हॉल इतका आखडला, की नीलूने विचारलं, यातला हॉल कोणता आणि पॅसेज कोणता. शैलाताईंनी फक्त बोट ठेवून विचारलं, की इथे गोल होईल ना. होईल म्हटलं. ते मात्र मी मोजून काढलं होतं.

निघताना

सोमवारी निरोप घ्यायला बालवाडीत गेले. दारात आया उभ्या होत्या. शैलाताई त्यांना सांगत होत्या, की मधली काही वर्षं पुढच्या गल्लीत, मग इथेच. आया माना डोलवत होत्या. एका आजोबांनी शैलाताईंचा हात धरून ठेवला होता. मला वाटलं आता निघावं, सगळं चांगलं आहे तोवर.

ओवी माझी ओढणी धरून उभी राहिली. तिने विचारलं, की ती गच्चीवरची शाळा कधी बांधणार. मी तिच्यासमोर वाकले आणि सांगायला लागले. आधी तुमची इमारत रिकामी होणार, मग ती पाडणार, मग नवी उभी राहणार, मग खाली तुमची शाळा. सांगता सांगता मी मनात वर्षं धरत होते आणि मधेच थांबले. ती जूनमध्ये पहिलीला जाणार होती. आत बसलेल्या पोरांपैकी एकही त्या इमारतीत बसणार नव्हतं. ज्यांच्यासाठी म्हणून मी खिडक्यांच्या कडा खालीवर करत होते, ज्यांना मी गच्चीवर सोडून बघितलं होतं, ती तोवर मोठी होऊन कुठल्याशा मोठ्या शाळेच्या बाकावर असतील. हे आठवडाभर माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. इतरांच्या आलं असणार, आणि मला ठाऊकच असेल असं त्यांनी धरलं असणार.

मी तिला खरं ते सांगितलं. तोवर तू मोठी होशील, दुसऱ्या शाळेत जाशील.

तिने थोडा विचार केला. ‘मग आम्ही कुठे बसायचं?’

मूल कुठे बसेल, एवढ्याच प्रश्नासाठी मी सांगलीहून आले होते. डोळे भरून आले आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

आतून शैलाताईंनी मान वर न करता म्हटलं, ‘ओवी, इथे बस. माझ्याजवळ.’

ती धावत जाऊन बसली. मग थोडी सरकली, शेजारची फरशी तळहाताने पुसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चप्पल काढली, आत गेले आणि बसले.